शोकेस आणि दिवाण न हलवता हॉलचं रूप कसं बदलावं?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी.

डोंबिवली पूर्वेला 10 बाय 14 चा हॉल, इमारत 1994 ची. घर घेतल्यावर सासऱ्यांनी सुताराला घरीच बसवून फर्निचर करून घेतलं होतं. भिंतभर सागवानी शोकेस, पेटीचा दिवाण. शिवाय गावच्या घरातून आणलेल्या दोन शिसवी खुर्च्या आहेत, वेताच्या बैठकीच्या, त्यातल्या एकीची बैठक खाली लोंबतेय. आम्ही नंतर त्यात तिघांचा रेक्झिनचा सोफा घातला. तो आता असा सोलतोय की उठलेल्या पाहुण्याच्या शर्टाला पाठीमागे चॉकलेटी पापुद्रे चिकटलेले असतात, आणि त्यांना सांगावं की गप्प बसावं तेच कळत नाही.

शोकेस हलणार नाही. त्यात सासूबाईंचा शब्द शेवटचा, आणि खरं सांगायचं तर मलाही ती टाकवणार नाही. आतला माल मात्र विचारू नका. ट्रॉफ्या, काचेचे हंस, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेलं बंद घड्याळ, कधीच न वापरलेला डिनर सेट. भिंती फिकट पिवळ्या, रंग गेल्याच वर्षी दिलाय म्हणून पुन्हा देणार नाही. खिडकी एकच, 5 फूट रुंद, 4 फूट उंच. पडदे मरून, चकचकीत, सोनेरी पानांचे. छताखाली एक पांढरीफटक ट्यूब.

आमच्याकडे गौरी असतात. हळदीकुंकवाला बायका येतात. त्याआधी हॉल जरा हसरा दिसावा एवढीच इच्छा. बजेट 20 हजार, ताणलं तर 22. तोडफोड नको. सुरुवात कशाने करू?

नवा_गडी

जुना सोफा एक्स्चेंजमध्ये द्या, नवा एल शेपचा घ्या. 20 मध्ये मिळतो. एका भिंतीला वॉलपेपर मारा. शनिवार-रविवारात काम तमाम.

तुरपाई

नव्या गड्या, 10 बाय 14 मध्ये एल शेप घातला तर गौरी कुठे बसवायच्या, गॅलरीत?

सायली, चिंचवडला आमचं पडद्यांचं आणि कुशनचं दुकान आहे. दुकान आता मुलगा बघतो, पण मापं घ्यायला अजून मीच जाते, त्यामुळे लोकांचे हॉल पुष्कळ पाहिलेत. तू म्हणते, राग मानू नकोस.

पहिलं काम फुकटातलं आहे. एका दुपारी शोकेसमधलं सगळं बाहेर काढ आणि दिवाणावर मांड. सासूबाईंना घेऊन कर, त्यांच्या पाठीमागे अजिबात नको. एकेक वस्तू हातात देऊन विचार, ही कुठून आली. जिची हकीकत त्या रंगून सांगतील ती वस्तू परत आत, नजरेच्या कप्प्यात. जिचं त्यांनाही आठवत नाही ती दिवाणाच्या पेटीत. टाकायचं नाही, फक्त विश्रांतीला पाठवायचं, पुढच्या सणाला पालट करायचा. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त माल पेटीत जातो आणि आठवडाभरात कुणी त्याची चौकशीही करत नाही.

मग शोकेसच्या पाठीला खण लाव. गुळेदगुड्डचा खण, गर्द हिरवा किंवा जांभळा, पिवळ्या भिंतीपुढे छान उठून दिसेल. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून कप्प्याच्या उंचीला बेतून आडवा घे. कापड प्लायला चिकटवू नकोस, फेव्हिकॉलचे डाग वर येतात. जाड पुठ्ठ्यावर ताणून मागच्या बाजूने स्टेपल मार आणि पुठ्ठा कप्प्यात उभा कर. कंटाळा आला की निघतो.

दुसरा, उजेड. ही सगळ्यात स्वस्त गोष्ट, आणि नेमकी तीच लोक शेवटी करतात. पांढऱ्या ट्यूबखाली सागवान राखाडी दिसतं आणि हॉल एसटी स्टँडसारखा. तुझी ट्यूब बहुतेक 6500 केल्विनची असेल, खोक्यावर छापलेलं असतं. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. ती काढू नकोस, सासूबाईंना पेपर वाचायला लागेल. पण सोफ्याजवळच्या कोपऱ्यात एक उभा दिवा ठेव, कापडी शेडचा, त्यात 2700 नाहीतर 3000 केल्विनचा 9 वॅटचा बल्ब. प्लगवर चालतो, वायरिंगला हात लावायला नको. संध्याकाळी ट्यूब बंद करून तो लाव आणि मग ठरव बाकी काय बदलायचं ते. माझी कितीतरी गिऱ्हाइकं तिथेच थांबली, माझं नुकसान करून.

आता माझा प्रांत. मरून पडदे काढच. पण रंगापेक्षा माप जास्त बिघडलेलं असतं. लोक खिडकीएवढाच रॉड लावतात आणि खिडकीएवढाच पडदा. खिडकी 5 फूट आहे ना, रॉड 6 फुटांचा घे, दोन्हीकडे सहा-सहा इंच बाहेर, म्हणजे पडदा सरकवल्यावर काच पूर्ण मोकळी होते आणि उजेड अडत नाही. चौकटीच्या वर सहा-आठ इंच चढवून लाव आणि पडदा फरशीपर्यंत सोड. छत उंच वाटतं. तयार पडदे 5, 7 आणि 9 फुटांत मिळतात. तुला 7 आखूड पडेल, म्हणून 9 चे घे आणि खालून कापून तुरपून घे. कापलेल्या पट्ट्यांतून उशांचे अभ्रे निघतात. आणि दोनच पडद्यांत भागवू नकोस. तयार पडदा साधारण 4 फूट रुंद असतो, दोन लावले की 6 फुटांच्या रॉडवर चादर वाळत घातलेली दिसते. चुण्या पडायला रॉडच्या दुप्पट तरी कापड हवं, म्हणजे निदान तीन, जमलं तर चार.

आता सोफा. पुढचा एक पाय सहा इंच उचलून बघ. शेजारचा पायही बरोबर उचलला गेला तर चौकट मजबूत आहे. तो जमिनीला चिकटून राहिला आणि करकर आवाज आला तर सांधे ढिले, मग त्यावर पैसे घालू नकोस. मजबूत असेल तर रेक्झिन उतरवून कापड चढव. तिघांच्या सोफ्याला 54 इंची पन्ह्याचं 9-10 मीटर लागेल. बैठकीला 40 डेन्सिटीचा फोम, पाठीला 32 पुरे. आणि फोमवाल्याच्या शब्दावर जाऊ नकोस. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला किती किलो, एवढंच. 22 बाय 22 ची, 4 इंच जाडीची गादी वजनकाट्यावर ठेव. 40 ची असेल तर सव्वा किलोच्या वर भरते. 900 ग्रॅम भरली तर ती 28 ची आहे, हसून परत कर.

रंधा

तुरपाईताईंशी सहमत. एक गोष्ट ठळक सांगतो: गणपतीपूर्वी पॉलिश करू नका. पॉलिशवाला म्हणेल होऊन जाईल. ऐकू नका.

तुमच्या शोकेसवर बहुतेक फ्रेंच पॉलिश असणार, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, लाखेचे पापुद्रे. पावसाळी दमट हवेत ते मारलं की स्पिरिट उडताना ओल आत अडकते आणि पांढरट धुरी येते. मग बहुतेक वेळा घासून पुन्हा मारावं लागतं. खात्री करायची तर दाराच्या मागे, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाका. जागा चिकट झाली तर चपडा. मेलामाइन, म्हणजे नव्या पद्धतीचं रासायनिक पॉलिश, असेल तर काही होणार नाही. दसरा उलटला, ऊन पडलं, की 180 च्या पॉलिशपेपरने हलकं घासून, मग 320 ने, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आणि नवं पॉलिश. आत्ता फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि मेणाचं पॉलिश चोळा. तेवढ्यानेही फरक कळेल.

जुन्या सागाला पांढरा ऑइलपेंट मारायची फॅशन आलीय. कुणी सुचवलं तर चहा पाजून पाठवून द्या.

वेताची बैठक लोंबतेय म्हणालात. वीण तुटली नसेल तर खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल खालच्या बाजूने वेतावर अर्धा तास ठेवा. वेत ओला होऊन सैल पडतो आणि वाळताना आकसून ताणला जातो. वाळेपर्यंत कुणी बसायचं नाही. लाकडाला पाणी लागू देऊ नका. तुटलेली असेल तर मात्र विणणाऱ्याकडेच.

सायली_डोंबिवली

बापरे, किती मनापासून लिहिलंत. सोफ्याचा पाय उचलून पाहिला, दुसराही उठला! नवऱ्याने व्हिडिओच काढला.

शोकेसचं काम काल केलं. हंस राहिले. ते सासऱ्यांनी फिरोझाबादहून रेल्वेत मांडीवर ठेवून आणले होते म्हणे, हे मला पहिल्यांदाच कळलं. घड्याळ कुणाचं ते कुणालाच माहीत नाही, पेटीत गेलं.

दोन शंका. सासूबाईंकडे जुन्या साड्या ढीगभर आहेत, त्यातल्या दोन इरकली. आतल्या खोलीच्या दाराला त्यांचे पडदे होतील का? आणि सोफ्यामागची भिंत अगदी रिकामी आहे, तिथे काय लावू? ऑनलाइन छापील वारली चित्रं दिसतायत.

तुरपाई

होतील. एका सहावारीतून दाराचे 7 फुटी दोन पडदे निघतात, दुमड धरून. पदराकडचा पाऊण मीटरभर उरतो, त्यातून 16 इंची दोन उशांचे दर्शनी भाग. इरकलीचा टोप पदर उशीवरच शोभतो. शिवण्याआधी साडी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घे, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा घोट्याच्या वर जाईल. रेशमी साडी खिडकीला कधीच लावू नकोस, उन्हाने रेशीम कुजतं, दोन उन्हाळ्यांत चिरफाळतं. आतल्या दाराला चालेल. सुती बिनधास्त कुठेही.

आणि कापायच्या आधी सासूबाईंना पुन्हा एकदा विचार. कात्री लागल्यावर आठवणी फार येतात.

मोती_तलाव

वारलीबद्दल थोडं. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, हा वारल्यांमध्ये लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने काढायचा, आत पालघट देवी. तो छापून सोफ्यामागे लावलेला बघितला की मला कसंतरीच होतं. घ्यायचंच तर डहाणू-जव्हारकडच्या चित्रकाराच्या हातचं छोटं घ्या, एकच. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या भागात आज पुष्कळ जण कागदावर आणि कापडावर काढतात.

मी सावंतवाडीची, म्हणून आमच्याकडचं सुचवते. गंजिफा. हाताने रंगवलेले गोल पत्ते, वर लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफात 120 पत्ते असतात, दहा अवतार, प्रत्येकाचे 12. पूर्ण संच महाग पडतो, पण सुटे पत्ते राजवाड्यातल्या कलाकारांकडे मिळतात. माझ्या घरी मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा राजे एकाच आडव्या फ्रेममध्ये आहेत, मागे साधा खादीचा तुकडा. आल्या-गेल्याला दशावतार ओळखायला लावायचे, लहान मुलं बरोबर बुद्धापाशी अडकतात.

उंचीचं सांगते, फ्रेमचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर आला पाहिजे. आपल्याकडे फोटो पंख्याशी गप्पा मारत असतात.

गच्चीवरची

झाडाचं कुणीच बोललं नाही! हॉलला एकच खिडकी, मग स्नेक प्लांट, पाणी आठवड्यातून एकदा किंवा तेही नको. मनीप्लांट बाटलीत ठेवणार असाल तर पाणी दर आठवड्याला बदला, डास होतात, विशेषतः आत्ता.

आणि एक आगाऊ सल्ला: टीपॉय घेऊ नका. हळदीकुंकवाला बायका खाली बसणार. सोलापुरी चादर किंवा चांगली सतरंजी घ्या, दिवाणावरही तीच. एरवी घडी करून पेटीत. अर्थात पेटीत जागा उरली असेल तर.

नवा_गडी

ते फोमचं वजन... मी नुकतीच झोपायची गादी घेतली, 40 डेन्सिटी सांगून. आत्ता उचलून पाहिली, एका हाताने उचलली गेली. 72 बाय 36, 6 इंची. किती भरायला हवी?

तुरपाई

पूर्ण फोमची आणि 40 ची असेल तर 10 किलोच्या जरा वर. पण झोपायच्या गादीत खाली बहुतेक रिबाँडेड, म्हणजे फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला थर, घालतात, तो साध्या फोमहून बराच जड असतो, म्हणून नुसत्या वजनावरून ठरवता येत नाही. चेन उघडून आतले थर बघ आणि फोटोसकट वेगळा धागा काढ. इथे सायलीचा सोफा चाललाय.