जवाचं माल्ट उकळताना फोलपटं आणि कण राहून जातात, काय करावं?

त्रिमूर्तीनगरवाला

नमस्कार मंडळी. घरी जवाचं माल्ट पेय करून राहिलो. रीत बियरचीच, पण अर्ध्यावर थांबतो, यीस्ट टाकत नाही. आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे, आणि मले त्या लफड्यात पडायचं नाही. म्हणून ‘यीस्ट टाकून तर पाहा’ हा सल्ला कृपया नको.

जव भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, मिक्सरमधून काढतो. मग ६५-६६ अंशाच्या पाण्यात तासभर झाकून ठेवतो. इथपर्यंत मजेत. गाळायला घेतलं की तमाशा. बारीक गाळणी दोन मिनिटांत तुंबते, मोठ्या चाळणीनं गाळलं तर फोलपटं आणि पिठूळ गाळ उकळायच्या गंजात उतरते. उकळताना बुडाशी लागते, सराटा फिरवत उभं राहा. शेवटी पंच्यातून गाळतो, तरी थंड झाल्यावर ग्लासात तपकिरी तुकडे तरंगतातच. वरून तुरट चव. बायकोनं एक घोट घेतला आणि विचारलं, “कोणाले खोकला झाला?”

उकळीत थोडे दाण्याचे कण गेले तर खरंच बिघडते का? आणि पंच्यातून गाळल्यावरही हे तुकडे येतात कुठून?

तर्री_जास्त

बिनयीस्टची बियर म्हणजे बिनतर्रीचे पोहे, भाऊ. पण राहू द्या, तुम्ही आधीच हात जोडले. पहिले तो मिक्सर बंद करा.

जुनी_शुक्रवारी

मिक्सरबद्दल तर्रीभाऊ बरोबर बोलले. पुण्यात एका ब्रूपबच्या (जागीच बियर बनवणाऱ्या पबच्या) भट्टीवर कामाला होतो, आता गावी परत आलो, म्हणून जरा लांबण लावतो.

चार-दोन फोलपटं उकळीत गेली तर काही होत नाही. झाऱ्यानं काढा, विसरा. मूठभर गेली तर मात्र फोलपटातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, उतरते आणि जीभ आखडते. पण तुमचा तुरटपणा बहुतेक त्याच्याही आधीचा आहे. चोथा धुवायला उकळतं पाणी ओतता का? ७७ अंशांच्या वर जाऊ नका. पाणी बोअरचं आहे की नळाचं? बोअरचं जड, खारं पाणी असलं तर टॅनिन अजून सुटते. धुवायच्या पाण्यात लिंबू पिळा, नाहीतर सरळ नळाचं वापरा. नागपूरच्या नळाले येणारं पेंच धरणाचं पाणी या कामाले चांगलं. आणि वाळलेल्या मोडांची मुळं हातानं चोळून, पाखडून टाकता ना? ती राहिली तर कडूपणा येते, त्याले कोणतीच गाळणी पुरत नाही.

आता दळण. मिक्सरचं पातं फोलपटाचा भुगा करते, आणि गाळायचं काम तर फोलपटालेच करायचं असते. चक्कीवर भरड काढून आणा. ‘दलिया काढून द्या’ म्हणा, ‘माल्ट’ म्हटलं की तो हजार प्रश्न विचारते. दळायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी किलोमागे २० मिलि पाणी शिंपडून हात फिरवा. दाणा आतून कोरडाच राहते, फोलपट मात्र चिवट होते आणि अख्खं सुटते. मुठीत घेऊन पाहा: आतला गर चार तुकड्यांत फुटलेला आणि फोलपट रिकाम्या होडीसारखं दिसलं पाहिजे. पांढरी धूळ जास्त दिसली तर दळण बारीक झालं.

गाळताना घाई नको. तोटीच्या भांड्यात बुडाशी जाळी ठेवा, वर सगळा चोथा, आणि दहा मिनिटं हलवू नका. तोटी थोडीशीच उघडा. पहिले एक-दोन जग गढूळ येतात, ते झाऱ्यावरून हळूच परत वर ओता. चोथ्याचा थरच गाळणी होते आणि थोड्या वेळानं धार नितळ पडते. मगच गंजात घ्या. मध्ये चमचा घालून ढवळलं की केलेलं सगळं पाण्यात.

आणि ग्लासातले तुकडे? ते दाण्याचे नाहीतच बहुधा. बोटांत चोळून पाहा. फोलपट टोचते, हे लिबलिबीत पसरतील. उकळीनं जवातलं प्रथिन गोठते, ते हे. गॅस बंद केला की सराट्यानं एकाच दिशेनं जोरात भोवरा करा, झाकण ठेवा, वीस मिनिटं हात लावू नका. मधोमध ढीग बसते. नळी काठाशी धरून वरचं वरचं काढून घ्या, शेवटचा पेलाभर सोडून द्या. तो पेलाभर वाचवायच्या नादातच अर्धे लोक सगळं परत गढूळ करतात.

मिलवॉकीकर

मूळचा नागपूरच्या महाल भागातला, आता इकडे अमेरिकेत. इथे १९७८च्या कायद्यानं घरी बियर करायला केंद्राची मोकळीक आहे, एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन. आमच्याकडे भीती उलटी असते: उकळीआधीचे कण चालतात, थंड झाल्यावर पडलेली कच्च्या माल्टची धूळ चालत नाही. फोलपटावर आंबवणारे लॅक्टिक जिवाणू असतातच, बियर आंबट होते. दळण नेहमी दुसऱ्या खोलीत. तुम्हीही ओट्यावर दळण आणि बाजूला उघडा थंड गंज असं करू नका. यीस्ट नसलं तरी गोड माल्ट नागपूरच्या मे महिन्यात बाहेर राहिलं तर आपोआप फसफसेल. सरळ फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.

त्रिमूर्तीनगरवाला

आत्ताच तुकडे चोळून पाहिले, लिबलिबीतच निघाले! म्हणजे पंचा उगाच खराब केला. धुणं उकळत्या पाण्यानंच होत होतं, तेही बोअरच्या. शुक्रवारीभाऊ, माझे जव किराण्यातले पांढरे, सोललेले नाहीत, पूजेच्या दुकानातले आहेत. चालतील ना?

जुनी_शुक्रवारी

तेच पाहिजेत. सोललेल्याले मोडही येत नाही आणि गाळायले फोलपटही नसते. फक्त पूजेच्या जवात खडे फार असतात, दलियावाल्याच्या चक्कीत गेले तर तो पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवेल. सुपात पाखडून, निवडून न्या. चोथा उरला की कॉलनीतल्या गाईले घाला, थालीपिठात टाकू नका, फोलपटं दातात अडकतात.