मुदतीआधीच नोकरीवरून काढलं: तुमचे अनुभव

परवा भाचीचा फोन आला. एचआरने केबिनमध्ये बोलावलं, समोर राजीनामा टाइप करून तयार. "सही कर, नाहीतर अनुभवपत्र विसर." ऐकूनच माझे हातपाय गार पडले. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. करार दोन वर्षांचा आणि वर्ष सरताच 'प्रोजेक्ट बंद'. सही न करता उठले. दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालेना. वॉचमन रोजच्या ओळखीचा, पण बिचारा वर बघायलाच तयार नाही. लिहा तुमचंही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

रानवारा: सही केली नाहीत ते उत्तम. राजीनामा दिला की कायद्याने ती 'कपात' (म्हणजे मालकाने कामावरून कमी करणं) धरत नाहीत, भरपाई गेली. 'कामगार' व्याख्येत बसत असाल आणि वर्षाची सलग सेवा असेल (240 दिवस भरले तरी धरतात), तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. मॅनेजर असाल तर सगळी भिस्त करारावर.

चिऊताई: मला बाळंतपणाच्या रजेत मेल आला होता. तेव्हा प्रसूती लाभ कायदा 1961, कलम 12 लागू होतं. रजेत काढणंच बेकायदा. एवढंच लिहून पाठवलं, तर लगेच 'गैरसमज झाला' म्हणून फोन! बाळ उठलं, नंतर येते.

भटक्या: काढल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो, वेतन संहिता 2019. आम्हाला मात्र 'दीड महिना लागतोच'. घराचा हप्ता थांबतो का दीड महिना?
चिऊताई, बाळ केवढं? आमचंही रात्रभर जागवतं.

चिऊताई: तेव्हाचं तिसरीत गेलं हो, हे धाकटं :) ओवा शेकून बघा पोटाला.

निवांत: माझी पदवीची मूळ प्रमाणपत्रं अडकवली होती. वकिलाची नोटीस गेल्यावर कुरिअरने आली, गुणपत्रिकेवर चहाचा डाग. अजून राग जात नाही.

शाई: तक्रार नेमकी कुठे करायची?

रानवारा: कामगार आयुक्त कार्यालयात, समेट अधिकाऱ्याकडे. 45 दिवसांत तडजोड झाली नाही तर थेट दाद मागता येते. भाचीला म्हणावं नेमणूकपत्र आणि पगारपावत्या आजच उतरवून घे, लॉगिन कधीही बंद करतात.