हँडहेल्डवरचं होमब्रू मध्येच थंड का पडतं? (सांगलीहून विचारतोय)

होडीवाला_सांगली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ असेल तर पूर्ण वाचा.

मी सांगलीचा. दिवसा कुपवाड एमआयडीसीत बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो आणि रात्री, दीड वर्ष झालं, पीएस व्हिटावर (सोनीचा हातात धरून खेळायचा कन्सोल) एक होमब्रू गेम करतोय, म्हणजे कंपनीच्या परवानगीशिवाय घरी लिहिलेला, आपल्या कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीचा. व्हिटाच्या पाठीला टचपॅड आहे, दोन्ही हातांची बोटं त्याच्यावरनं ओढली की वल्हं मारलं जातं, डावीकडनं जोर जास्त लावला की होडी उजवीकडे वळते, आणि समोरचा पडदा पूर्ण मोकळा राहतो, बोट मध्ये येत नाही. मोबाइलवर करून बघितलं, ती मजा येत नाही. म्हणून ह्याच कन्सोलला चिकटून आहे.

आता अडचण. व्हिटाएसडीके (व्हिटासाठी प्रोग्राम लिहायची साधनं) आहे, त्यातला कंपायलर (कोडचा चालता प्रोग्राम करणारा) व्यवस्थित चालतो, सगळं फुकट आहे, पण अडकलो की विचारायचं कुणाला? टचचे आकडे चुकीचे येत होते, चार रात्री गेल्या, शेवटी कुणाच्यातरी जुन्या प्रोजेक्टचा सोर्स (लिहिलेला कोड) वाचताना कळलं की पडदा ९६० बाय ५४४ चा असला तरी समोरचा टच १९२० बाय १०८८ च्या हिशोबाने आकडे देतो, निम्मे करून घ्यायचे. एवढीच गोष्ट होती. २०१६ ला हेन्काकू आलं, म्हणजे कंपनीचं कुलूप काढायची युक्ती, आणि व्हिटा उघडला तेव्हा रोज काहीतरी नवीन यायचं, आता येतं ते बहुतेक पोर्ट, म्हणजे दुसरीकडचा तयार गेम व्हिटावर चालेल असा केलेला. पोर्ट करणं सोपं नाही हे मला माहितीये, त्या लोकांबद्दल आदरच आहे, पण कोऱ्या पाटीवरनं कुणी गेम करतंय असं फार दिसत नाही.

आणि 'कन्सोल जुना झाला' हे उत्तर मला पटत नाही. गेमबॉय १९८९ चा आहे, त्याच्यावर आजही नवीन गेम येतात. मग व्हिटा, त्याच्या आधीची सोनीची पीएसपी, निन्टेंडोचा डीएस ह्यांचंच असं का होतं? ज्यांनी त्या काळात स्वतः काही केलंय त्यांनी सांगा, कारण मला हा गेम अर्धा टाकायचा नाहीये.

पोवईनाका_सातारा

भावा, पाठीवरच्या टचने वल्हं मारायची कल्पना फार आवडली, आधी ते सांगतो.

मी पीएसपीवाला. २००७ ला साताऱ्यात इंजिनिअरिंगला होतो आणि मामांनी दुबईहून पीएसपी आणली. त्याच्या थोडं आधीपर्यंतची परिस्थिती अशी की फर्मवेअर (कन्सोलच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर) १.५० असेल तर घरी लिहिलेले प्रोग्राम चालायचे, पण नवीन गेम घातला की तो म्हणायचा आधी फर्मवेअर वाढवा, आणि वाढवलं की होमब्रू बंद. म्हणजे गेम खेळा नाहीतर प्रोग्राम लिहा. कस्टम फर्मवेअर, म्हणजे लोकांनी बदललेलं फर्मवेअर, आलं आणि दोन्ही एकाच मशीनवर चालायला लागलं. मग ऑगस्ट २००७ ला पँडोरा बॅटरी आली, बॅटरीच्या आतला सिरियल नंबर बदलला की पीएसपी सर्व्हिस मोडमध्ये उठायची, अपडेट करताना मेलेलीसुद्धा जिवंत करता यायची. आमच्या होस्टेलला अशा तीन उठवल्या आम्ही. सातारा-पुणे एसटीत मांडीवर लॅपटॉप, मेमरी स्टिकवर नवीन बिल्ड टाकायचा, चालवून बघायचा, खंबाटकी येईपर्यंत दोन चुका सापडायच्या.

पण तो जो उत्साह होता ना, तो बराचसा कुलूप उघडायचा होता. कंपनीने नवीन फर्मवेअर काढायचं, कुणीतरी ते फोडायचं, सगळे श्वास रोखून वाट बघायचे, परत पहिल्यापासून. त्या गर्दीला आपण डेव्हलपर कम्युनिटी म्हणत होतो पण तिच्यातले बहुतेक जण फुकट गेमसाठी आलेले होते. मी देवनागरी वाचायचा रीडर केला होता, जोडाक्षरं नीट दिसावीत म्हणून दोन महिने घालवले, कारण पीएसपीवर ते तयार काही नव्हतं. टाकला, आणि खाली पहिले तीन प्रश्न आले ते तिन्ही डाउनलोड केलेला गेम का चालत नाही ह्याबद्दल. रीडर उघडून बघितला असं एकानेही लिहिलं नाही. मला ते फार लागलं, आजही आठवलं की वाईट वाटतं. कस्टम फर्मवेअर पक्कं झाल्यावर त्या गर्दीला हवं ते मिळालं, ती गेली, आणि मागं राहिलेले किती थोडे होतो ते तेव्हा दिसलं.

त्यातच जुलै २००८ ला आयफोनचं अ‍ॅप स्टोअर आलं, मागोमाग अँड्रॉइड. ३२ एमबी मेमरीत सी लिहून हात बसलेली पोरं होती ही, त्यांना तेच काम पगारावर मिळायला लागलं. मी पण २०१० ला पुण्याला गेलो, मोबाइलचं काम धरलं. आणि २०११ च्या सुरुवातीला काय झालं बघ, सोनीचा घरात ठेवायचा कन्सोल पीएस-थ्री फुटला आणि त्यातनं पीएसपीच्या प्रोग्रामवर कंपनीची सही करायच्या किल्ल्या मिळाल्या. म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या फर्मवेअरवर, काही न फोडता, आपला प्रोग्राम चालणार. जे आम्ही २००७ पासून मागत होतो ते. मी ती बातमी ऑफिसच्या बसमध्ये वाचली. ज्यांना फोन करून सांगावं असे चौघे होते, त्यातल्या एकाकडेही पीएसपी उरली नव्हती.

मिरजकर_तारा

पोवईनाकावाले जे सांगतात ते गर्दीचं झालं. पण जे खरंच काम करत होते ते का थांबले, तर माझ्या बाबतीत कंपायलर अपडेट केला म्हणून. खोटं वाटेल.

२००९ ला निन्टेंडो डीएसवर मी अक्षरं गिरवायचा गेम केला होता, धाकट्या बहिणीसाठी. डीएसला खालचा पडदा टचचा आणि हातात लेखणी, पाटीच म्हणा की. 'अ' कुठून सुरू करायचा, काना कधी द्यायचा, उलटी रेघ मारली तर तो थांबवायचा. हे सगळं मी पीएलिब नावाच्या लायब्ररीवर (तयार कोडचा संच) केलेलं. ती लायब्ररी नवख्यांसाठी फार सोपी होती, चार ओळीत चित्र पडद्यावर यायचं, त्यामुळे माझ्यासारखे खूप जण तिच्यावरच शिकले. पण ती उभी होती डेव्हकिटआर्म (कंपायलर) आणि लिब्एनडीएसवर (डीएसची मूळ लायब्ररी), आणि ते पुढं बदलत गेलं तसं पीएलिब बदलत गेलं नाही. सांभाळणारी माणसं कमी झाली, मग नव्या कंपायलरवर तिचे प्रोजेक्ट बिल्ड होईनात. जाणकार सांगायचे पीएलिब सोड, सरळ लिब्एनडीएसवर लिही. बरोबर सांगत होते. पण म्हणजे सगळा गेम परत लिहायचा, आणि तेवढ्यात मला नोकरी लागली होती, कुणाला जमणार?

आमच्या मिरजेत सतार-तंबोरे करणारी घराणी आहेत, पिढ्यानपिढ्या. भोपळा आणता येतो, लाकूड आणता येतं, तारा विकत मिळतात. पण घोडीवर जवारी काढणं (तार गुंजावी म्हणून घोडीचा माथा घासून बसवणं) हे पुस्तकात वाचून येत नाही, वस्तादाच्या शेजारी बसून कान तयार व्हावा लागतो, आणि ती नीट निघाली नाही तर एवढं देखणं वाद्य पण आवाजात गुंजन नाही. होमब्रूत लायब्ररी सांभाळणारा माणूस हा जवारीवाला. बाहेरून दिसत नाही, गेम करणाऱ्याचं नाव होतं, ह्याचं होत नाही. आणि त्याच्या शेजारी बसून शिकणारा कुणी नसेल तर तो एक जण लग्न, नोकरी, आजारपण कशानेही बाजूला झाला की त्याच्यावर उभे असलेले शंभर प्रोजेक्ट एकदम मुके होतात.

माझा सोर्स मी कुठे टाकलाच नव्हता. नीट साफसूफ करून टाकू म्हणत राहिलो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बहिणीच्या घरी, सांगलीत गावभागात, तळमजल्यावर पाणी आलं आणि तो कॉम्प्युटर हार्डडिस्कसकट गेला. होडीवाला, तुमचा सोर्स आजच्या आज कुठेतरी टाका. घाण असेल तसा टाका.

कराडची_ताई

सगळ्यांचं वाचलं. पोवईनाका दादा, मोबाइलने माणसं नेली हे थोडंफार मान्य, पण मग मोबाइलने गेमबॉयवाले का नेले नाहीत? मी कराडला उन्हाळ्याच्या सुट्टीत सातवी-आठवीच्या मुलांना गेमबॉयचे गेम करायला शिकवते, तर ह्या बाजूचं मला माहितीये ते सांगते.

गेमबॉय म्हणजे १६० बाय १४४ चा पडदा, चार छटा, ८ केबी रॅम. एवढ्याशा जागेत एका माणसाचा गेम 'पूर्ण झाला' असं म्हणता येतं. आमच्या मुलांनी प्रीतिसंगमावर हरवलेली शेळी शोधायचा गेम केला, तीन आठवड्यांत संपला, आणि तो अपुरा वाटत नाही कारण त्या पडद्यावर तेवढंच शोभतं. व्हिटाला चार कोरचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. तिथे एकट्याने केलेला गेम बघणारा नकळत दुकानातल्या गेमच्या शेजारी ठेवतो, करणाऱ्यालाही तसंच वाटत राहतं, मग दोन वर्षं जातात आणि संपत नाही. माझ्या मते पोर्ट जास्त का येतात त्याचं कारण हेच असणार, चित्रं, संगीत, पातळ्या सगळं आधीच झालेलं असतं, माणूस फक्त इंजिनचं काम करतो आणि ते संपतं.

दुसरं, फर्मवेअरच्या मागे पळणं नाही. गेमबॉय सुरू होताना कार्ट्रिजमधला लोगो आणि एक छोटी बेरीज बरोबर आहे का तेवढं बघतो, बाकी काही अडवत नाही. यंत्र बदलत नाही त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिलेलं शिळं होत नाही. पॅन डॉक्स नावाचं त्याचं माहितीपत्र १९९५ ला सुरू झालं, ते आजही लोक दुरुस्त करत असतात, माणसं बदलली पण लिखाण तेच पुढं चाललंय. मिरजकर म्हणतात तो वस्ताद तिथे कागदावर आहे. जवारी कागदावर येत नसेल, यंत्राची रजिस्टर (प्रोसेसरशी बोलायच्या आतल्या जागा) येतात.

आणि तिसरं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, खेळणाऱ्याला काय करावं लागतं? गेमबॉयचे गेम करायचं जीबी स्टुडिओ हे सॉफ्टवेअर २०१९ ला आलं, त्यात केलेला गेम ब्राउझरमध्ये चालतो. मुलं आजीला लिंक पाठवतात आणि आजी फोनवर खेळते. होडीवाला, तुझा गेम खेळायला माझ्याकडे व्हिटा पाहिजे, तो उघडलेला पाहिजे, मग फाइल टाकायची, मग इन्स्टॉल करायची. दीड वर्षात तुझा गेम किती जणांनी हातात घेतला? मला वाटतं लोक उत्तर देत नाहीत त्यापेक्षा कुणी खेळतच नाही ह्याने माणूस जास्त लवकर थकतो. व्हिटा-थ्री-के म्हणून कॉम्प्युटरवर चालणारा, व्हिटाची नक्कल करणारा एम्युलेटर आहे, त्याच्यावर चालेल असं करून ठेव. वल्हं नीट जमणार नाही, माऊसवर भागवावं लागेल, पण नदी तरी दिसेल.

विटेकर_रिपेअर

माझं गाव विटा. गावाचं आणि कन्सोलचं नाव सारखंच म्हणून पहिल्यांदा हातात घेतला, आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हे पण करतोय. कोडमधलं मला कळत नाही, पण यंत्राचं सांगतो.

व्हिटाचं उत्पादन २०१९ ला बंद झालं. आता येतात ते सगळे वापरलेले. मेमरी कार्ड कंपनीचं स्वतःचं, दुसरं कुठलं बसत नाही आणि पहिल्यापासून महाग, ते बिघडलं की बरेच जण कन्सोल कपाटात टाकतात. कन्सोल उघडलेला असेल तर गेमच्या खाचेत अ‍ॅडॅप्टर घालून साधं मायक्रो एसडी चालतंय, पण हे माहीत असणारं गिऱ्हाईक कमी. पीएसपीच्या बॅटऱ्या तर फुगून झाकण उचलत्यात, लोक तसाच वापरतात, तसं करू नका, बॅटरी आधी बाहेर काढा. माझ्याकडे असा एक कन्सोल कपाटात गेला म्हणजे तुमचा एक खेळणारा कमी झाला असं मला वाटतं. दुकानात दोन चालू व्हिटा आहेत, दोन्ही उघडलेले. गेम पाठवा, दुकानात पोरं बसलेली असतात, खेळून बघतील, काय म्हणतात ते लिहून पाठवतो.

होडीवाला_सांगली

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीन. मी, माझा रूममेट आणि एक जण ब्राझीलचा, ज्याने 'होडी फार हळू' एवढंच लिहिलं होतं. ते वाचून मी दोन आठवडे नव्या जोमाने काम केलं होतं, आत्ता लक्षात येतंय.

काल रात्री तीन गोष्टी केल्या. सोर्स टाकला, जसा आहे तसा, नावं मराठीत आहेत, काही ठिकाणी नुसतं 'हे नंतर बघू' लिहिलंय. टचचे आकडे निम्मे का करायचे, मागचा टच समोरच्यापेक्षा वेगळा कसा मोजायचा, हे मराठीत वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलं, चार रात्री गेलेल्या त्या अजून कुणाच्या जाऊ नयेत. आणि शर्यती पाच ठेवायच्या होत्या त्या दोनच ठेवतोय. आयर्विन पुलाखालची एक आणि घाटाजवळची एक. पोवईनाका दादा, तुमच्या रीडरचा जोडाक्षरांचा भाग कुठे शिल्लक असेल तर मला पाहिजे, गेममध्ये होड्यांची नावं मराठीत लिहायची आहेत आणि माझ्याकडे 'कृष्णा' फुटून दिसतंय.

विटेकर, फाइल पाठवली.

पोवईनाका_सातारा

आहे. पुण्याहून आणलेल्या एका जुन्या मेलच्या बॅकअपमध्ये आहे, मित्राला पाठवला होता म्हणून वाचला. सी मधला आहे, पीएसपीचं त्यात फक्त चित्र काढायचं फंक्शन आहे, ते काढून तुझं घाल. रविवारी नीट करून देतो. सोळा वर्षांनी कुणीतरी मागितलं.

विटेकर_रिपेअर

पोरांनी खेळली. सहा जण. वल्हं ओढताना व्हिटा हातातनं सटकतोय म्हणतात, खालच्या दोन बोटांनी धरायला जागा सोडा, पॅडचा कडेचा भाग मोजू नका. आणि दुसऱ्याची होडी धडकली की आवाज पाहिजे. एकाला उठवायला त्याचा बाप आला दुकानात.

मिरजकर_तारा

बहिणीशी बोललो. ती म्हणते हार्डडिस्क गेली पण २०१० ला मी तिला एक सीडी दिली होती, शाळेत कुणाला तरी दाखवायला, ती तिच्या सासरी तासगावला पुस्तकांत आहे. आज आणली. वर माझ्याच अक्षरात 'गिरवणे, सगळं' लिहिलंय. ओरखडे आहेत, वाचली जाईल का माहीत नाही, आणि आता घरात कुणाकडेच सीडी ड्राइव्ह नाही.

विटेकर_रिपेअर

माझ्याकडे यूएसबीचा आहे. पार्ट घ्यायला शनिवारी मिरजेला येतोच, घेऊन येतो. तुम्ही सीडी पुसू नका तोवर.