वेट वाइप्स, टूथपेस्ट, खोबरेल तेल: परदेशी जाताना हातातील बॅगेत काय चालते?

गंगापूर रोड, नाशिक (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात मी माझ्या ७४ वर्षांच्या आईला घेऊन मुंबईहून लंडनला जाणार असून वाटेत दोह्याला विमान बदलायचे आहे. आईला मधुमेह आहे आणि गुडघे दुखत असल्यामुळे विमानातील अरुंद स्वच्छतागृहात वाकून हातपाय धुणे तिला जमत नाही, म्हणून ८० वाइप्सचे मोठे पाकीट तिच्या हाताशीच असावे असे मला वाटते. त्याखेरीज टूथपेस्ट, खोबरेल तेल, डोळ्यांत घालायचे थेंब, इन्सुलिनचे पेन आणि पायांना लावायचे मलम एवढे सामान त्याच बॅगेत राहील.

गेल्या वर्षी ओझरहून दिल्लीला जाताना आमची १५० ग्रॅमची टूथपेस्ट कोणी बाहेर काढायला लावली नव्हती आणि पाण्याची बाटलीही तपासून परत मिळाली होती. परदेशी जाताना मात्र १०० मिलिलिटरचा नियम लागतो असे सगळे सांगतात. तो ओल्या वाइप्सनाही लागतो का? तपासणीच्या वेळी बॅग उपसावी लागली तर आई फार गांगरते, म्हणून घरूनच सगळे नीट लावून निघायचे आहे.

पंचवटीकर

वाइप्सची काळजी करू नका. त्यांतील द्रव कापडात शोषलेला असतो, त्यामुळे वाइप्सची गणना द्रवपदार्थांत होत नाही. अमेरिकेच्या टीएसए या सुरक्षा यंत्रणेने तर वेट वाइप्स हातातील बॅगेत चालतात असे स्पष्ट शब्दांत नोंदवले आहे. ८० चे पाकीट न्या, फक्त ते बॅगेत सर्वांत वर ठेवा, म्हणजे कोणी पाहायला मागितले तर बाकीचे सामान हलवावे लागणार नाही. पाकिटाच्या तळाशी पाणी साचून डुचमळत असेल, तर ते घरीच निथळून टाकलेले बरे.

ओझरच्या अनुभवावर मात्र विसंबू नका, कारण तो देशांतर्गत प्रवास होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी हा नियम जगभर रूढ झाला. प्रत्येक द्रव, जेल, मलम किंवा फवारा जास्तीत जास्त १०० मिलिलिटरच्या डबीत असावा आणि या सगळ्या डब्या एक लिटरच्या, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या, एकाच पारदर्शक झिपच्या पिशवीत सहज मावाव्यात, असा तो नियम आहे. येथे मोजतात ते डबीचे माप, आतला माल नव्हे. १५० ग्रॅमची ट्यूब पिळून पिळून संपत आलेली असली तरी ती मोठीच धरली जाते. माझी २०० मिलिलिटरची तेलाची बाटली जेमतेम पाव भरलेली होती, तरीही मला ती एका विमानतळावर सोडून द्यावी लागली आणि त्याचे वाईट वाटले, कारण ते तेल आईने घरी जास्वंद घालून उकळलेले होते.

खोबरेल तेलाबद्दल मुद्दाम लिहितो. नाशिकच्या थंडीत ते बाटलीत गोठून पांढरे होते आणि आपल्याला वाटते की आता ते घट्ट आहे, तेव्हा चालेल. तसे धरू नका. टूथपेस्ट, मलम, तूप, लोणी असे जे जे पसरते किंवा फासता येते ते सगळे या नियमात येते. साबणाची वडी, कंगवा, कोरडा कापूस यांना हा नियम लागत नाही. तेल ५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत काढून घ्या. आईंना प्रवासात तेवढे भरपूर होईल.

औषधवाला, इंदिरानगर

औषधांच्या दुकानात अनेक वर्षे काम करत असल्याने तेवढ्यापुरते सांगतो. प्रवासात लागणारी आवश्यक औषधे या मर्यादेतून वगळलेली असतात, परंतु ती वेगळ्या पिशवीत ठेवून तपासणीच्या वेळी आपण होऊन दाखवावी लागतात. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या आणि तिच्यावरील आईंचे नाव पासपोर्टवर आहे तसेच असू द्या. डोळ्यांच्या थेंबांची बाटली पाच-दहा मिलिलिटरचीच असते, त्यामुळे तिचा प्रश्नच येत नाही. इन्सुलिन चेक-इन सामानात कधीही टाकू नका, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वापरण्याजोगे राहत नाही आणि ती बॅग मागे राहिली तर आईंचे फार हाल होतील. पेनच्या सुयाही त्याच पिशवीत, चिठ्ठीसोबत ठेवा.

कॉलेज रोड

एक गोष्ट राहिली. उड्डाणानंतर केबिनमधील हवेचा दाब कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच ठिकाणी असावा इतका कमी होतो, त्यामुळे बाटलीत अडकलेली हवा फुगते आणि तेल झाकणातून पाझरते. मऊ बाटली थोडी दाबून, हवा काढून मग झाकण घट्ट लावावे. वाइप्सच्या उघडलेल्या पाकिटाची चिकटपट्टीही अशीच सुटते आणि वाइप्स वाळून जातात, म्हणून ते पाकीट झिपच्या पिशवीत घालावे. रामकुंडावरचे गंगेचे पाणी नातेवाइकांसाठी नेणार असाल, तर तो गडू चेक-इन बॅगेतच जाऊ द्या.

गंगापूर रोड, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. आज ५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या आणि लहान टूथपेस्ट आणली. ब्रिटनमधील काही विमानतळांवर आता दोन लिटरपर्यंत द्रव नेता येतो असे बहीण म्हणते. मग परतताना आईचे तेल मोठ्या बाटलीतून हातात आणता येईल का?

पंचवटीकर

बहिणीचे म्हणणे खरे आहे. एडिनबरो आणि बर्मिंगहॅम येथे २०२५ च्या जुलैपासून तशी मुभा मिळाली, कारण तेथील नवी सीटी यंत्रे बॅगेचे त्रिमितीय चित्र दाखवतात. पण ज्या विमानतळावर तपासणी होते तेथील नियम लागू होतो आणि दोह्याला विमान बदलताना तुमची पुन्हा तपासणी होणार आहे. म्हणून मोठी बाटली परततानाही चेक-इन बॅगेतच ठेवा. मुंबईत तपासणीनंतर विकत घेतलेले पाणीदेखील दोह्याच्या तपासणीआधी संपवा आणि आईंसाठी तेथे आत गेल्यावर नवीन बाटली घ्या.