स्पर्धेत ६वा, समानतेत १२१वा : जपानचा नेमका कुठला नंबर खरा मानायचा?

भीमथडी

जागतिक आर्थिक मंच, म्हणजे ते दावोसवाले, त्यांनी २०१९ च्या ऑक्टोबरात देशांच्या आर्थिक स्पर्धात्मकतेची यादी काढली होती, १४१ देशांत जपान ६वा. दोनच महिन्यांनी त्यांनीच स्त्री-पुरुष तफावतीची यादी काढली, १५३ देशांत जपान १२१वा! रवांडाचं बरोबर उलटं, स्पर्धेत १०० वा आणि समानतेत ९वा. आपण पहिल्या यादीत ६८, दुसरीत ११२.

मला हे अजिबात पटत नाही. स्पर्धात्मकता म्हणजे काय, तर देश आपल्याकडची माणसं, पैसा, जमीन किती नीट कामाला लावतो हेच ना? मग ज्या देशात शिकलेल्या बायका निम्म्या वाटेवर कामातून गळतात तो देश ६वा कसा येतो? त्या यादीत १२ स्तंभ, म्हणजे मुख्य विषय, आणि १०३ निकष होते, रस्ते, बंदरं, पेटंट, बँका, वीज, सगळं. बायकांबद्दल थेट असा मला एकच सापडला, पगारी नोकरीत पुरुषांच्या मानाने बायका किती. १०३ मध्ये १. माझं म्हणणं सरळ आहे, समानतेची वेगळी यादी काढून ती महिला दिनाच्या भाषणांना देऊन टाकू नका, ती स्पर्धात्मकतेच्या गुणांतच धरा, म्हणजे अर्थमंत्र्यांना ती वाचावी लागेल.

सांख्यिक

असहमत. तुमची तळमळ कळते पण ताप आणि वजन एकाच आकड्यात मिसळून डॉक्टरला काय कळणार?

आधी ती तफावतीची यादी काय मोजते ते बघा. ती पातळी मोजत नाही, फक्त फरक मोजते. मुलगे आणि मुली दोघंही सारखेच कमी शिकत असतील तरी त्या निकषात पूर्ण गुण. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर घरं बायकांनाच चालवावी लागली, २००३ च्या घटनेत ३० टक्के जागा राखीव झाल्या, आज त्यांच्या कनिष्ठ सभागृहात ६० टक्क्यांच्या वर बायका आहेत, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण तिथली बाई शेतात राबते कारण राबल्याशिवाय चूल पेटत नाही, तेसुद्धा 'आर्थिक सहभाग' म्हणूनच मोजलं जातं.

आणि बांगलादेश बघा. २०२३ ला ५९, २०२४ ला ९९, २०२५ ला एकदम २४. तिथल्या बायकांचं आयुष्य दोन वर्षांत दोनदा उलटंपालटं झालं का? मागच्या ५० पैकी किती वर्षं बाई सर्वोच्च पदावर होती हा एक निकष आहे, खालिदा झिया आणि शेख हसीना यांच्यामुळे त्यात ते कायम वर असतात. गारमेंटच्या कारखान्यातल्या मुलीला त्याचा काय उपयोग झाला हे त्या आकड्यात कुठे दिसतं?

जपानचं म्हणाल तर १५ ते ६४ वयातल्या ७० टक्क्यांहून जास्त बायका तिथे कामात आहेत, अमेरिकेपेक्षा जास्त. संयुक्त राष्ट्रांचा लिंगभाव असमानता निर्देशांक घेतला, ज्यात माता मृत्यू, किशोरवयातली बाळंतपणं वगैरे धरतात, तर २०२२ च्या आकड्यांवर जपान २२ वा. मग १२१ खरं की २२?

साकुरा_कोथरूड

सांख्यिक, ७० टक्के बरोबर आहे पण त्या ७० टक्क्यांत काय आहे ते मी रोज बघते, जपानमधल्या साइतामात राहून आता आठ वर्षं झाली. इथल्या नोकरीतल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त 'हिसेइकी' आहेत, म्हणजे कायम नसलेल्या, पार्ट टाइम किंवा कंत्राटी. मी काम करते त्या घराजवळच्या दुकानात माझ्याबरोबर चार जणी आहेत, डिसेंबर आला की चौघी तास कमी करून मागतात, ऐन गर्दीत, मालक हात जोडतो तरी. कारण वर्षाची कमाई १३ लाख येनच्या वर गेली की नवऱ्याच्या विम्यातून नाव निघतं आणि स्वतःचा हप्ता भरावा लागतो, मग जास्त काम करून हातात कमीच येतं. इथे त्याला 'भिंत'च म्हणतात. त्यातली एक आधी बँकेत होती, मूल झाल्यावर सोडलं, परत घेताना कोणी तशी जागा दिली नाही. आता भाज्यांना लेबलं लावते. तुमच्या टक्केवारीत ती 'कामात' आहे.

२०१८ मध्ये तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटीने प्रवेश परीक्षेत मुलींचे मार्क मुद्दाम कमी केल्याचं उघड झालं, का तर म्हणे पुढे मूल झालं की नोकरी सोडतात. अशा देशाला मनुष्यबळाचे चांगले गुण मिळतात याचा मला राग येतो, खरंच राग येतो. म्हणून भीमथडींना +१.

ऑडिटवाला

राग रास्त आहे ताई. पण एकत्र आकडा केला तर सरकारं काय करतील तेही बघा. जागतिक बँकेची 'व्यवसाय सुलभते'ची यादी आठवा, सगळ्यांनी तिच्या मागे लागून फॉर्म कमी केले, खिडक्या एक केल्या, आणि २०१८ आणि २०२० च्या अहवालांत चीन, सौदी वगैरेंच्या आकड्यांत गडबड निघाली, २०२१ मध्ये बँकेला ती यादी बंदच करावी लागली. जो आकडा गुंतवणूक आणतो त्याला हात लागतोच. उद्या समानतासुद्धा गुंतवणुकीच्या आकड्यात घातली तर तिचंही तेच होईल. वेगळी आहे तेच बरं आहे, निदान कोणाला ती फिरवून फायदा नाही.

शिवाय देश म्हणजे कंपन्या नाहीत, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा असं नसतं, हे अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन १९९४ पासून सांगतायत. स्पर्धात्मकता हा शब्दच कच्चा आहे, त्यात बायकांना घालून त्यांचा मान कसा वाढतो?

गोदाकाठ

सगळे वरवरच्या आकड्यांवर भांडतायत, एक निकष उघडून बघा की. तफावतीच्या यादीत 'सारख्या कामाला सारखा पगार' असा निकष आहे. वाटेल की पगारपत्रकं गोळा करत असतील. नाही! कंपन्यांच्या वरिष्ठांना प्रश्नावली देतात, तुमच्या देशात सारखा पगार मिळतो का, त्यांच्या मतावर गुण.

आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आसपास गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते आणि ती बहुतेक वेळा नवऱ्याच्याच हातात पडते. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, पहाटे उठून भाकरी तीच थापते. आता सांगा, तिचा पगार किती? पुरुषाच्या किती टक्के? वेगळा असा तिचा पगारच नाही, मग तफावत काढायची कशी? मुंबईच्या ऑफिसात बसलेला साहेब ती प्रश्नावली भरताना हिचा विचार करेल का?

आणि घरचं काम तर दोन्ही याद्यांच्या गुणांत नाहीच. आपल्याच सरकारच्या २०१९ च्या वेळ वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाचे ९७. पाच तास! हे मोजून ठेवलंय, फक्त कुठल्या क्रमांकात येत नाही. मला विचाराल तर याद्या एक करा नाहीतर दहा करा, आधी हे पाच तास आत घ्या.

भीमथडी

गोदाकाठ, कोयत्याचं वाचून मी थांबलो, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पगाराचा निकष मत विचारून काढतात हे असेल तर माझी एकत्र करायची मागणी आजच्या आकड्यांवर नको, हे मान्य.

पण ऑडिटवाले, 'वेगळी आहे तेच बरं' हे मला मान्य नाही. कोणाला फायदा नाही म्हणूनच ती कोणी उघडत नाही. २०२५ ला त्या तफावतीच्या यादीत आपण १४८ देशांत १३१ वे आलो, दोन दिवस बातम्या, संपलं. त्यात पंचायती धरत नाहीत, महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत तरी त्याचे गुण शून्य, यावर आपल्या सरकारने आकडे घेऊन भांडायला हवं होतं. भांडले का? स्पर्धेच्या यादीत असतं तर दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ गेलं असतं.

सांख्यिक

पंचायतीचं बरोबर. पण धरल्या तरी लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका हे बदलत नाही. भांडायला जाऊन उत्तर हेच मिळेल.

साकुरा_कोथरूड

सांख्यिकांच्या त्या ५० वर्षांच्या निकषावर एक सांगायचं राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये सानाए ताकाइची इथल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, म्हणजे त्या रकान्यात जपानचा भोपळा फुटला, पुढच्या यादीत त्याचे गुण मिळतील. मला त्या दिवशी आनंद झाला होता, दुकानातल्या बँकवालीला सांगितलं तर तिलाही झाला. मग तिने डिसेंबरचं वेळापत्रक काढलं आणि विचारलं, माझे दोन शनिवार तू घेशील का, भिंतीला फक्त ११ हजार येन उरलेत.