शब्दचर्चा : ‘ग्लोबल इकॉनॉमिक गव्हर्नन्स’ला आपल्याकडं काय म्हणावं?

परभणीकडचा
मंडळी एक अडचण हाय. आमच्या कॉलेजात पुढच्या आठवड्यात एक प्राध्यापक व्याख्यानाला यायलेत, विषय ग्लोबल इकॉनॉमिक गव्हर्नन्स आणि इंटरनॅशनल इन्स्टिट्यूशन्स, आणि कार्डावरचा मराठी परिचय माझ्या गळ्यात पडलाय. मी लिहिलं, ‘जागतिक आर्थिक शासन व आंतरराष्ट्रीय संस्थांचे तज्ज्ञ’. मामाला वाचून दाखवलं तर मामा म्हणले, शासनात हायेत मंजे क्लास वन का? आणि कोणत्या संस्थेवर हायेत, तिथं भरती निघाली का बघ. आता हसावं का रडावं. पण खरं सांगू का, मामाचं चुकलं नाही, आपल्याकडं शासन मंजे महाराष्ट्र शासन, जीआर काढणारं, आणि संस्था मंजे शिक्षणसंस्था नाहीतर सोसायटी. चांगला शब्द सुचवा.

देगलूरची
हिंदीतल्या सरकारी कागदात ‘अभिशासन’ असतंय. ते टाक, कोणालाच कळणार नाही, मंजे गैरसमज बी होणार नाही :)

उदगीरवाला
मूळ बघा ना आधी. गव्हर्नन्स, गव्हर्नर, गव्हर्नमेंट हे सगळे ग्रीकमधल्या नाव हाकण्याच्या क्रियापदातून लॅटिनमार्गे आलेत, सायबरनेटिक्स, मंजे नियंत्रणाचं शास्त्र, हा शब्द बी त्याच घरातला. आपल्याकडं तसाच शब्द हाय, कर्णधार. संस्कृतात कर्ण मंजे नावेचं सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार. पण आता कर्णधार म्हणलं की टॉसला जाणारा माणूसच डोळ्यासमोर येतो. सुकाणू समिती हा शब्द वापरात हाय, तर ‘सुकाणू’वरून काही बनवता येईल का?

परभणीकडचा
आमच्याकडं टँकरची वाट बघायलेत लोक, सुकाणू कुठून आणू. व्युत्पत्ती भारी हाय पण कार्डावर चालणार नाही.

अंबाजोगाईकर
जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या. शासन न चालण्याचं कारण मामाच्या प्रश्नापुरतं नाही, खरी गोष्ट अशी की हा विषयच सरकार नसताना व्यवहार कसा चालतो याचा हाय. जेम्स रोझनाऊ आणि अर्न्स्ट-ओटो चेंपील या आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अभ्यासकांनी १९९२ साली संपादित केलेलं एक पुस्तक हाय, त्याचं नावच ‘गव्हर्नन्स विदाउट गव्हर्नमेंट’. आता शासन हा शब्द घेऊन याचं मराठी करा, ‘शासनाविना शासन’! झालं ना वाटोळं.

आणि शासन म्हणलं की अंमल आला. आपल्या आज्या-पणज्या ‘निजामाचा अंमल’ म्हणायच्या, त्यात हुकूम, वसुली, दंडुका सगळं आलं. देशादेशांतल्या व्यापाराचे नियम बघणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेकडं असा अंमल हाय का? आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण घ्या, साखर. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमालानं भारताच्या ऊस-साखरेच्या सरकारी मदतीवर तिथं तक्रार केली, डिसेंबर २०२१ मधे संघटनेच्या पॅनेलचा निकाल भारताच्या विरोधात गेला, भारतानं त्यावर अपील केलं. पण अपील ऐकणाऱ्या मंडळाला निदान तीन सदस्य लागतात, अमेरिकेनं नेमणुका अडवून धरल्यात, त्यामुळं डिसेंबर २०१९ पासून तिथं कोरमच नाही. मंजे निकाल हाय, अपील हाय, ऐकायला कोणी नाही. याला शासन कसं म्हणायचं?

मला तर सरळ ‘कारभार’ बरा वाटतो. घरात सरकार नसतंय, पण कारभार असतोच. कोणाच्या शब्दाला किती वजन, चाव्या कोणाकडं, कोणाला नुसतं विचारल्यासारखं करतात, हे सगळं कारभारात येतं. अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं (आयएमएफ) बी तसंच हाय, मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडं साधारण साडेसोळा टक्के, मंजे ती नाही म्हणली की बैठक उठली. आपल्याकडं अडीच टक्क्यांच्या जरा वर. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

देगलूरची
पण कारभाराला वास लागलाय. पेपरात ‘भोंगळ कारभार’, ‘मनमानी कारभार’ असंच असतंय. आणि कारभारी मंजे नवरा!

अंबाजोगाईकर
भोंगळ म्हणता येतंय हेच तर चांगलं. चांगला बी असू शकतो, भोंगळ बी, शब्द कोणाची बाजू घेत नाही.

उदगीरवाला
मला पटलं. संस्थेबद्दल मात्र मामाचं ऐकू नका. विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था म्हणतो ना आपण, त्यांचं कुठं ऑफिस असतंय? या विषयातले लोक बी इन्स्टिट्यूशन म्हणताना कचेरीइतकंच रीत आणि नियमांकडं बघतात. जी-ट्वेंटी हा मोठ्या अर्थव्यवस्थांचा गट घ्या, त्याला कायमचं सचिवालयच नाही, अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. २०२३ ला आपल्याकडं होतं तेव्हा त्यातल्या डब्ल्यू-ट्वेंटी या महिलांच्या गटाची पहिली बैठक फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरला झाली, पाहुणे आले, बोलले, गेले. पाटी लावलेली इमारत शोधून सापडणार नाही. तरी संस्थाच.

थोडं विषयांतर, जुलै १९४४ मधे अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देशांचे लोक बसून नाणेनिधी आणि जागतिक बँक ठरवायले होते, भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर. आणि त्याच वेळी इकडं आपल्या मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चालायचा, इंग्रजी रुपया तो कलदार, सात हालीला सहा कलदार. आमचे आजोबा शेवटपर्यंत खऱ्या पैशाला कलदारच म्हणायचे. दोन चलनांचा दर कोण ठरवतो हे त्यांना कळत होतं, फक्त त्याला गव्हर्नन्स म्हणतात हे माहीत नव्हतं.

परभणीकडचा
भारी. ‘तज्ज्ञ’ बी काढायलो मग, तज्ज्ञ म्हणलं की हृदयरोग तज्ज्ञाची पाटी आठवते, लोक तपासायला येतील. अभ्यासक करतो. तर असं : ‘जगाचा आर्थिक कारभार आणि त्यामागच्या आंतरराष्ट्रीय संस्था या विषयाचे अभ्यासक’. लांब झालं पण मामाला वाचून दाखवलं, मामा म्हणले, मंजे जगाची भाऊबंदकी. पहिल्यांदा विषय बरोबर कळला. व्याख्यानाला बी यायलेत.

देगलूरची
फोटो टाक कार्डाचा.

परभणीकडचा
टाकणार नाही. प्रिंटरवाल्यानं ‘आर्थीक’ छापलंय, दोनशे कार्डं हायेत, पेन घेऊन बसलोय.