दहावीच्या आधीची सुट्टी

ताई, मुलीला नववीनंतरच्या उन्हाळी सुट्टीतच दहावीच्या क्लासच्या बॅचला घालावं का असं तुम्ही विचारलंय, आणि वरती बहुतेकांनी 'घालाच' म्हटलंय. मला नाही पटत. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, त्यात भरदुपारी पोरीला स्कूटीवर क्लासला पाठवायचं कशाला? आपल्या विदर्भात शाळाही जूनच्या शेवटी उघडतात, उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर. वेळ आहे.

त्यापेक्षा नववीचं गणित पक्कं करून घ्या. स्टेट बोर्डात दहावीच्या बीजगणिताचा पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा, आणि त्याची सुरुवात नववीतच झालेली असते. चलाचा लोप करताना, म्हणजे x किंवा y यांतलं एक अक्षर काढून टाकताना, वजाबाकीत चिन्हं बदलायची असतात, तिथेच पोरं अडकतात. भूमितीत समरूपता आहे, म्हणजे आकार तोच पण माप लहान-मोठं. गुणोत्तर कच्चं असेल तर ती डोक्यावरून जाते. सकाळी ऊन चढायच्या आत तासभर, वहीत, स्वतःच्या हाताने सोडवू द्या. पुस्तकं बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. दुपारी कूलरसमोर लोळत गोष्टीची पुस्तकं वाचली तर खुशाल वाचू द्या, टोकू नका. भाषेच्या पेपरला तेही कामी येतं.